चालता-बोलता

कुणी वयस्कर माणूस गेल्याची बातमी सांगताना मराठीत एक वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारलं जातं: "चालता-बोलता गेले हो." अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाला त्यांचं करावं लागलं नाही, शेवटपर्यंत माणसं ओळखत होते, एवढं सगळं त्या जोडशब्दात येतं. चालणं आणि बोलणं भाषेने एका रेघेने जोडून टाकलं आहे. दवाखान्यात मात्र ही दोन कामं बराच काळ वेगवेगळ्या मजल्यांवर राहिली. पाय जड झाले की हाडांचे डॉक्टर, विसरायला होऊ लागलं की मेंदूचे. घरातही तसंच. 'साठी बुद्धी नाठी' म्हणताना पायांचा विषय निघत नाही, आणि 'आता पाय साथ देत नाहीत' म्हणताना डोक्याचा निघत नाही.

१९९७ साली स्वीडनमधल्या उमेओच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा लेख लिहिला. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालता चालता त्यांनी सहज गप्पा सुरू केल्या आणि एवढंच पाहिलं की बोलायला लागल्यावर थांबतं कोण. १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. ना यंत्र, ना रक्ततपासणी, ना स्कॅन. चालता-बोलता येतं का, एवढाच प्रश्न होता.

हे दृश्य घरात रोज दिसतं. आजी स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन बाहेर येत असते. आतून कुणीतरी विचारतं, "आजी, मघाशी फोन कुणाचा होता गं?" आजी दारातच थांबते. आधी कपाकडे बघते, मग विचारणाऱ्याकडे. उत्तर देते, आणि उत्तर पुरं झाल्यावरच पुढचं पाऊल उचलते. आपल्याला वाटतं, बरं झालं थांबली, चहा सांडला नाही. ते खरंच आहे, तिच्या मेंदूने शहाणपणाच केला. पण पाच वर्षांपूर्वी तिला थांबावं लागत नव्हतं. हा फरक कधी पडला, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही, कारण तो कुणी मोजलेलाच नसतो.

तरुणपणी चालण्याचं बरंचसं काम परस्पर होतं. मज्जारज्जू, मेंदूचा देठ, लहान मेंदू आणि मेंदूच्या आतल्या भागातले बेसल गँग्लिया नावाचे पुंजके मिळून ते सांभाळतात. कपाळामागचा भाग मोकळा राहतो, म्हणून आपण चालता चालता भांडू शकतो, हिशोब करू शकतो, रस्ता ओलांडताना पलीकडच्या दुकानाची पाटी वाचू शकतो. वय वाढतं तसं पायाच्या तळव्यांतून येणारी जाणीव मंदावते, कानातल्या तोलाच्या अवयवातल्या पेशी कमी होतात, डोळ्यांत मोतीबिंदू धरतो. स्नायूंतले झटकन आकसणारे तंतू आधी झिजतात. ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून सावरणं हे त्यांचंच काम. खालून येणारी माहिती पुसट झाली की मेंदू चालण्याचं काम वर पाठवतो. कपाळामागचा भाग आता प्रत्येक पावलात लक्ष घालू लागतो. पैशांचा हिशोब, बोलण्याचा धागा धरून ठेवणं, दोन कामांत आधी कोणतं हे ठरवणं, हे सगळं करणारा भाग तोच. तिथे एकाच वेळी दोन कामं आली की एक मागे पडतं.

दुसरं कारण रक्तवाहिन्यांचं आहे. वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब आणि साखर मेंदूतल्या केसासारख्या बारीक वाहिन्या बंद करत जातात. त्याचा फटका मेंदूच्या पांढऱ्या भागाला बसतो, म्हणजे एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे जाणाऱ्या तारांना. पायांकडे जाणाऱ्या तारा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या अगदी कडेने उतरतात, आणि विचारांचा वेग सांभाळणाऱ्या तारांचा रस्ताही तिथूनच जातो. म्हणून असा माणूस सावकाश चालू लागतो आणि सावकाश विचारही करू लागतो. स्मरणशक्ती पहिल्यांदा बऱ्यापैकी शाबूत असते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. नातवंडांचे वाढदिवस तोंडपाठ असतात, पण बँकेचा फॉर्म भरायला अर्धा तास लागतो, आणि खुर्चीतून उठल्यावर पहिलं पाऊल टाकायला दोन-तीन क्षण.

चाल आधी मंदावते की बुद्धी, यावर बरंच काम झालं आहे. अमेरिकेत ओरेगनमधल्या निरोगी वृद्धांच्या चालीची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांची बुद्धी पुढे किंचित मंदावली त्यांच्या चालीचा वेग सुमारे १२ वर्षं आधीपासून जास्त झपाट्याने घटू लागला होता. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या साडेसोळा हजारांहून अधिक वृद्धांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात फक्त चाल मंदावलेल्यांना किंवा फक्त स्मरण घटलेल्यांना जेवढा डिमेन्शियाचा, म्हणजे बुद्धिभ्रंशाचा, धोका होता, त्याच्या कितीतरी पट धोका दोन्ही एकत्र घटत गेलेल्यांना होता. चालीतली घट किती, तर वेग दरवर्षी सेकंदामागे ५ सेंटिमीटर किंवा थोडा जास्त कमी होणं. डोळ्यांना ती दिसणार नाही, घड्याळाला दिसते.

यातला एक धागा भारतातून जातो. न्यूरॉलॉजिस्ट जो वर्गीस यांनी २०१३ मध्ये एक सोपी व्याख्या पुढे ठेवली. स्वतःला विसरायला होतंय अशी तक्रार आहे, आणि चाल त्या वयाच्या मानाने मंद आहे. डिमेन्शिया मात्र नाही आणि माणूस हिंडता-फिरता आहे. अशांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका जास्त. ही व्याख्या ज्यांच्यावर ताडून पाहिली त्यांत केरळमधल्या कोळिकोडचे वृद्धही होते. पुढच्या वर्षी १७ देशांतल्या जवळजवळ २७ हजार वृद्धांची माहिती एकत्र केली तेव्हा दहातला जवळपास एक जण या व्याख्येत बसला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की या निदानाला मोठं रुग्णालय लागत नाही. चार मीटर सपाट जमीन आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ पुरतं. आपल्याकडे ६० वर्षांवरच्या लोकांत ७.४ टक्के डिमेन्शिया आहे असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अभ्यास ज्या मोठ्या देशव्यापी पाहणीचा भाग होता, ती मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झाली होती. एवढ्या सगळ्यांना पुरतील इतके मेंदूचे डॉक्टर देशात नाहीत. घड्याळं आहेत.

तर मोजायचं कसं? घरात फरशी कोणती आहे ते बघा. जुनी १० इंची मोझॅक लादी असेल तर १६ लाद्या म्हणजे चार मीटरला जरासं जास्त. दोन फुटी व्हिट्रिफाइड असेल तर सात लाद्या म्हणजे ४.२ मीटर. सुरुवातीला आणि शेवटी खडूने रेघ मारा. चालणाऱ्याला पहिल्या रेघेच्या एक मीटर मागे उभं करा आणि शेवटच्या रेघेच्या एक मीटर पुढे जाऊन थांबायला सांगा, म्हणजे वेग धरणं आणि थांबणं मोजमापात येत नाही. "नेहमीसारखं चाला" एवढंच सांगा. "भरभर चाला" म्हटलं की आकडा बिघडतो. पाऊल पहिल्या रेघेपलीकडे पडलं की घड्याळ सुरू, दुसरी ओलांडली की बंद. दोनदा मोजून सरासरी घ्या. चपला रोजच्याच, वेळही दरवेळी तीच. नातेवाइकाने बाजूने, अर्धं पाऊल मागे राहून चालावं, हात धरू नये, पण धरता येईल इतकं जवळ असावं. गेल्या महिन्याभरात जे पडले आहेत त्यांच्यावर हा प्रयोग घरी नको, त्यांना थेट तपासायला न्यावं.

चार मीटरला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली गेला. ही रेघ अनेक तज्ज्ञगट मानतात. आशियाई वृद्धांसाठीच्या २०१९ च्या शिफारशीत ती आणखी वर आहे, सेकंदाला १ मीटर. हा आकडा पटत नसेल तर सिग्नलवर उभं राहून बघा. पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना सेकंदाला साधारण १.२ मीटर वेग धरायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. १४ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशोबाने १२ सेकंद. ०.७ मीटरने चालणाऱ्या आजोबांना लागतात २०. उरलेले आठ सेकंद ते गाड्यांच्या मधे असतात, आणि समोरून हॉर्न वाजवणाऱ्याला वाटतं म्हातारा मुद्दाम रेंगाळतोय.

आता त्याच चार मीटरवर दुसरं काम द्यायचं. इथे आपल्याकडे हमखास एक चूक होते. चालताना पाढे म्हणायला सांगतात, किंवा रामरक्षा, किंवा मनाचे श्लोक. ज्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी घोकून पाठ केली त्यांना पाढा म्हणायला डोकं लागतच नाही. ते ओठांतून आपोआप येतं, चालीसारखंच. मग चालीत फरक दिसत नाही, घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. काम असं हवं की जे तोंडपाठ नाही. मराठी महिने उलटे म्हणायला सांगा: फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष. किंवा १०० मधून सात-सात वजा करत जायला. किंवा मुळाक्षरं एक सोडून एक: क, ग, ङ, छ, झ. शाळा कमी झालेल्यांना भाज्यांची नावं विचारा, एकही पुन्हा न घेता. आधी तेच काम खुर्चीत बसून करून बघायला द्या, म्हणजे अडचण कामाची आहे की चालताना करण्याची, हे कळतं.

समजा, नुसतं चालताना साडेचार सेकंद लागले आणि उलटे महिने म्हणताना सहा. वेग २५ टक्क्यांनी पडला. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात बुद्धी किंचित मंदावलेल्या ११२ जणांवर सहा वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. त्यात ज्यांचा वेग दुसऱ्या कामाने २० टक्क्यांहून जास्त पडत होता, ते जास्त प्रमाणात डिमेन्शियाकडे गेले. पुढे डिमेन्शियाकडे जाणारे आणि न जाणारे नुसत्या चालीच्या वेगाने वेगळे ओळखता येत नव्हते.

आकड्याइतकंच डोळ्यांनीही बघायचं असतं. वेग पडला आणि महिने बरोबर आले, की महिने चुकले आणि चाल तशीच राहिली? निरोगी मेंदू तोल आधी सांभाळतो, बोलणं मागे ठेवतो. दारात थांबणारी आजी हेच करते. धोका जास्त त्यांना, जे बोलणं सोडत नाहीत, थांबतही नाहीत आणि झोक जात असताना उत्तर देत राहतात. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, हे बऱ्याचदा दिसतं. वळताना किती पावलं लागतात तेही बघा. धडधाकट माणूस तीन-चार पावलांत मागे वळतो. सात-आठ छोटी पावलं टाकत, सगळं अंग एकदम फिरवत कुणी वळत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. एकच हात हलत नसेल तर तेही.

यापुढचं मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. चाल आणि बुद्धी एकत्र घटली की घरातून एकच वाक्य येतं, "वय झालं आता." त्या वाक्याखाली बरे होणारे कितीतरी आजार गाडले जातात.

बी-१२ चं उदाहरण घ्या. शाकाहारी घरांत त्याची कमतरता भरपूर, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणखी जास्त. ते कमी पडलं की मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या तारा झिजतात. पाय नेमका कुठे आहे, हे मेंदूला याच तारांमधून कळत असतं. तोवर डोळे ती उणीव भरून काढतात, म्हणून दिवसा सगळं ठीक चालतं. पकडलं जातं ते सकाळी बेसिनपाशी. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की माणूस पुढे झोकांडतो आणि बेसिनची कड घट्ट धरतो. रात्री दिवे गेले की तेच. शिवाय चिडचिड, विसरभोळेपणा, उदासी. रक्तातलं प्रमाण २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं असेल तर कमतरता स्पष्टच म्हणायची. इंजेक्शन स्वस्त आहे. पण उशीर झाला तर तारा पूर्ण भरून येत नाहीत, हेही तितकंच खरं.

गोळ्यांचा डबा उघडून बसणं हे दुसरं काम. चक्कर येते म्हणून सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन लिहून दिलेलं असतं, पंधरा दिवसांसाठी. ते दोन वर्षं चालू राहतं, कारण जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानात मिळतं. ॲसिडिटीच्या काही कॅप्सुलांमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. ही औषधं मेंदूतलं डोपामिन अडवतात. मग चेहरा निर्विकार होतो, पावलं आखूड होतात, हात थरथरतो, बोलणं बारीक होतं, आणि पार्किन्सन्स झाला म्हणून आणखी एक गोळी वाढते. मूळ गोळी डॉक्टरांनी बंद केल्यावर बहुतेकांची चाल सुधारते, मात्र त्याला आठवडे, कधी महिने लागतात. झोपेसाठी घेतलेलं क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम सकाळपर्यंत अंगात रेंगाळतं आणि तोल व लक्ष दोन्ही मंद करतं. ते मनानेच एकदम बंद करू नये, झोप उडते आणि क्वचित झटकेही येतात. हळूहळू उतरवावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, जुन्या पद्धतीचं ॲमिट्रिप्टिलिन, हीसुद्धा बुद्धी धूसर करणारी आहेत. आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना सोडियम घसरलं तर दोन-चार दिवसांतच माणूस झोकांड्या खातो आणि असंबद्ध बोलतो.

रक्तदाब बसून मोजतात, पडतो तो उभं राहिल्यावर. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, उभं केल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा, असा मोजला तर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरलेला सापडतो. अशा माणसाला उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि क्षणभर काही सुचत नाही.

डोक्याला लागलेला किरकोळ मार विसरला जातो. कपाटाच्या दाराला डोकं आपटलं, टेंगूळ आलं, गेलं. तीन-चार आठवड्यांनी आजोबा सुस्त वाटू लागतात, एक पाय किंचित ओढतो, शब्द सापडत नाही. कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. स्कॅनमध्ये दिसतं, लहान भोक पाडून काढता येतं.

आणि मेंदूतल्या पाण्याचा आजार. कोलंबियाचे सॉलोमन हाकिम आणि अमेरिकेचे रेमंड ॲडम्स यांनी १९६५ मध्ये तो मांडला. पाय लोहचुंबकाने जमिनीला धरल्यासारखे उचलत नाहीत, लघवीला घाई होऊन कपडे ओले होतात, विचार मंदावतो. या तिन्ही गोष्टी म्हातारपणाच्याच मानल्या जातात, म्हणून तो निसटतो. पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून आधी आणि नंतर चाल मोजतात. चाल सुधारली तर पोकळीतलं जास्तीचं पाणी पोटाकडे वळवणारी नळी बसवायचा विचार होतो. यात सुधारते ती आधी चाल. न्यायच्या आधी मोबाइलवर चालीचा, वळण्याचा व्हिडिओ काढून ठेवा. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांसमोर बहुतेक वृद्ध घरच्यापेक्षा बरे चालतात.

काही तासांत किंवा एका दिवसात चाल आणि बोलणं दोन्ही बिघडलं तर फरशा मोजत बसू नये, तडक रुग्णालयात न्यावं. पक्षाघात असू शकतो, लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्गही.

हे सगळं वगळल्यावर जे उरतं ते खरोखर वयाचं, आणि त्यावरही बरंच करता येतं. नुसता सकाळचा फेरफटका पुरत नाही. त्याने दम सुधारतो, तोल फारसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भरभर चालण्यासारखी मध्यम दमाची हालचाल आहे, दोन दिवस स्नायूंची ताकद आहे, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा वेगळा व्यायामही. ताकदीसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं हा घरचा राजा व्यायाम. खुर्ची भिंतीला टेकलेली, छातीवर हातांची घडी, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या वयात पुरुषांना १२ आणि स्त्रियांना १० च्या खाली आले तर पाय कमजोर समजावेत. उठताना झटकन, बसताना तीन आकडे मोजत सावकाश. धप्पकन बसणं म्हणजे मांड्या सुटल्याची खूण.

तोलासाठी स्वयंपाकघराचा ओटा उत्तम. ओट्याला एक हात लावून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना चिकटवून उभं राहायचं, दहा सेकंद. जमलं की हात नुसता जवळ ठेवायचा. मग तसंच टाच-बोट, टाच-बोट करत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते सहज जमू लागलं की बोलणं घालायचं: उद्याच्या भाजीची यादी, फ्रिजमध्ये काय शिल्लक आहे. क्रम महत्त्वाचा आहे. तोल पक्का होण्याआधी डोक्याला काम दिलं तर माणूस पडतो.

जपानमध्ये २००० नंतर चौकोनांवर पावलं टाकण्याचा एक व्यायाम तयार झाला. एक मीटर रुंद, अडीच मीटर लांब सतरंजीवर २५ सेंटिमीटरचे ४० चौकोन. शिकवणारा पावलांचा एक क्रम करून दाखवतो, शिकणाऱ्याने तो लक्षात ठेवून तसाच करायचा, मग क्रम अवघड होत जातो. २५ सेंटिमीटर म्हणजे आपली १० इंची लादी! जुन्या घरांत ही सतरंजी आयती अंथरलेली आहे. सरळ दोन पावलं, उजवीकडे एक, पुन्हा सरळ; पुढच्या फेरीला तेच डाव्या पायाने. ज्यांनी लहानपणी अंगणात ठिक्कर खेळली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त उड्या मारायच्या नाहीत हे सांगावं लागतं.

संगीताचा मार्ग मला सगळ्यात जवळचा वाटतो. जिनिव्हात १३४ वृद्धांना पियानोच्या बदलत्या लयीवर पावलं टाकायला शिकवलं, आठवड्यातून एकदा, सहा महिने. पडण्याचं प्रमाण घटलं, आणि दुसरं काम करतानाची चालही स्थिर झाली. लय बदलली की पाऊल बदलायचं, ऐकायचं आणि चालायचं एकाच वेळी. आपल्या वारकऱ्यांची पाऊली यापेक्षा वेगळी काय आहे? हातात टाळ, मुखी अभंग, पाय पुढे-मागे, शेजाऱ्याच्या पावलाकडे लक्ष, मृदंगाची लय वाढली की सगळ्यांनी वाढायचं. ज्येष्ठ नागरिक संघांत हास्यक्लब बराच रुजला. आठवड्यातून एकदा पाऊली, टिपऱ्या किंवा बसल्या जागेवरून सुरू होणारं हलकं लेझीम ठेवायला काहीच हरकत नाही. मात्र क्रम अधूनमधून बदलत राहावा. पाठ झालेली पाऊली पाढ्यासारखीच, पायांना आनंद देते, डोक्याला काम देत नाही.

काठीबद्दल थोडं. मुठीची उंची मनगटाच्या घडीपर्यंत, कोपर किंचित वाकलेलं, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. वॉकर हे बुद्धीचंही काम आहे, हे दुकानदार सांगत नाही. चार पायांचा बिनचाकी वॉकर उचला, ठेवा, एक पाऊल, दुसरं पाऊल, पुन्हा उचला. ज्याची बुद्धी मंदावली आहे त्याला हा क्रम लक्षात राहत नाही, तो वॉकर उचलून हातात धरूनच चालू लागतो. अशांना पुढे चाकं असलेला बरा पडतो, आणि तो शिकवायलाही वेळ लागतो.

रात्री बाथरूमला जाणं म्हणजे एकाच वेळी चार कामं: झोपेची गुंगी, लघवीची घाई, अंधार, आणि पायात सापडेल ती सपाता. पलंगापासून मोरीपर्यंत पायाच्या उंचीवर दिवा हवा. दाराशी पसरलेलं पायपुसणं घसरतं, ते आधी उचला. उंबरठ्यावर वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा. वाचण्याचा आणि लांबचा असा एकत्र चष्मा घालून जिना उतरताना खालची पायरी धूसर दिसते, कारण नजर भिंगाच्या वाचायच्या भागातून जाते. जिन्यासाठी आणि बाहेर हिंडण्यासाठी फक्त लांबचा चष्मा वेगळा करून घ्यावा.

बरोबर चालणाऱ्यांनी शिकण्यासारखंही बरंच आहे. मागून हाक मारू नये. "आई, सावकाश!" असं मागून ओरडलं की आई वळते, आणि वळतानाच पडते. जिन्यावर, उंबरठ्यावर, रस्ता ओलांडताना प्रश्न विचारू नयेत. पलीकडे पोचल्यावर विचारावेत. पण म्हणून चालताना कधीच बोलायचं नाही असंही करू नये. बागेतल्या सपाट वाटेवर, हाताशी कुणी असताना गप्पा मारत चालणं हा व्यायामच आहे. एकदा पडलेला माणूस भीतीने चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की बाहेरची माणसं भेटत नाहीत, बोलणं आटतं, पायही आटतात. ही भीती ऐकून घ्यावी लागते. "काही होत नाही हो" म्हणून ती जात नाही. ओट्यापाशी दहा सेकंद उभं राहता आलं की थोडी जाते.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका असते. गॅसचा सिलिंडर कधी लावला, दूधवाल्याने कुठल्या दिवशी खाडा केला, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या चौकोनात दोन आकडे आणखी मावतात: नुसतं चालताना किती सेकंद, उलटे महिने म्हणत चालताना किती. वर्ष संपल्यावर दिनदर्शिका रद्दीत देण्याआधी ते बारा चौकोन वहीत उतरवून घ्यावेत.